पहिल्या मजल्यावरचं धरण

आई, त्या विज्ञान प्रदर्शनाला चाळीस वर्षं होत आली, तुला जाऊनही वीस झाली, आणि तुला एक गोष्ट सांगायची राहूनच गेली. मी नववीत होते. पाण्यापासून वीज कशी होते, ते मला दाखवायचं होतं. तू भाकऱ्या थापत होतीस आणि मी ओट्याशी उभी राहून समजावत होते, की डोंगरात धरण बांधतात, साठलेलं पाणी उंचावरून खाली सोडतात, ते पडताना चाक फिरवतं आणि चाकाला जोडलेलं यंत्र फिरलं की वीज होते. "नुसतं पडून?" तू म्हणालीस. "पडून वीज होत असती तर तुझ्या बाबांनी अख्ख्या भिवंडीचे लूम चालवले असते." आतल्या खोलीत पेपर घेऊन पडलेले बाबा खाकरले. मग तू विचारलंस, "आणि वीज काढून घेतल्यावर त्या पाण्याचं काय?" ते तसंच पुढे वाहत जातं, म्हटल्यावर तुझं समाधान झालं. "मग भांड्यांना चालंल."

चाकाला पाती म्हणून तुझे हळदीकुंकवाचे, नावं घातलेले बारा चमचे गेले. पोहे हाताने खाणाऱ्या पाहुण्यांना तू सांगितलंस, "चमचे शाळेत गेलेत."

धरण तूच झालीस. शाळेच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत तू, चार बादल्या आणि नरसाळं. खाली पटांगणात मी, चाक, सायकलचा डायनामो आणि एक छोटा बल्ब. मधे रबरी नळी. कॉन्व्हेंटमध्ये ओरडायची सोय नव्हती, म्हणून 'रिझर्व्हॉयर', म्हणजे धरणाचा जलाशय, हा शब्द ऐकू आला की तू ओतायचं, असं ठरलं. आठवडाभर तू तो घोकलास.

पण पाहुणे म्हणून आलेल्या इंजिनियर साहेबांचाही तो आवडता शब्द निघाला. "रिझर्व्हॉयर कुठाय?" त्यांनी विचारलं, चाक फिरलं. "पाऊस झाला तरच रिझर्व्हॉयर भरतो," ते मुलींना म्हणाले, चाक पुन्हा फिरलं. मी बल्बच्या वायरी जोडेपर्यंत तुझ्या बादल्या संपल्या होत्या. मी शब्द म्हटला. काही नाही. मोठ्याने म्हटला. साहेब घड्याळ बघू लागले. माझा पहिला नंबर हातचा जातोय असं वाटत असतानाच वर कुणीतरी धावल्याचा आवाज आला, चाक गरगरलं आणि बल्ब लागला. कठड्यावरून तुझं डोकं डोकावलं. "पेटला काय गो?" माझ्या वर्गातल्या मुली फिदीफिदी हसल्या. मी वर पाहिलंच नाही.

ते पाणी सिस्टरांच्या जेवणघरातल्या माठांमधलं होतं, हे दुपारी त्या जेवायला बसल्या तेव्हा कळलं. तुला बोलावणं आलं. "धरण आटलं होतं, सिस्टर, मी काय करू?" तू म्हणालीस, आणि रागावायला उभ्या राहिलेल्या सिस्टर तोंडाला रुमाल लावून खाली बसल्या.

बक्षीस देताना साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं, मदत कुणी केली? मी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, कुणीच नाही, सगळं मी एकटीने केलं. सगळ्यांत जोरात टाळ्या तू वाजवल्यास. रिक्षात विचारलंस, "काय बोललीस गो माइकवर?" मी म्हटलं, तुझं नाव घेतलं.

मग शेलार गावच्या मावशीपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना तू ते सांगितलंस. इतक्या वर्षांत खरं सांगायला मला शंभर वेळा संधी मिळाली असेल. परवा नातीने विचारलं, तेव्हा तिलाही मी म्हटलं, हो, पणजीचं नाव घेतलं होतं, माइकवर.