चिखलगाडीच्या पारदर्शक नळ्या

बायू कोर्बो, लुइझियाना
मंगळवार, १२ मार्च

प्रिय क्लोव्हिस,

तू, लोरेन आणि तुझ्या मिशा, तिघंही टेक्ससमध्ये मजेत असाल असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं धडधाकट आहोत. वेल्माचा गुडघा आता कुरकुर कमी करतो, ती कसर वेल्मा स्वतः भरून काढते. यंदा क्रॉफिश, आपले ते नांग्यावाले झिंगे, चांगले पोसलेत. भातखाचरांत सापळे लावले की सकाळी गोणी भरूनच परत येतो.

लोरेनने वेल्माला कळवलं की तू माझ्यावर चिडलायस. फोन उचलत नाही म्हणून यापुढे फोन करणार नाहीस, आणि गुड फ्रायडेला क्रॉफिश खायलाही येणार नाहीस म्हणे. अरे, मी दिवसभर बांधावर असतो. घरी असलो तर फोन आत, मी बाहेर. राग वगैरे काही नाही. हा विषय राहू दे. पत्र लिहायला बसलो ते तुझ्या त्या चार जाड चाकांच्या चिखलगाडीसाठी.

गाडी दुरुस्त झाली! आणि अशी झाली की तू बघशील तेव्हा तोंडात बोट घालशील.

नाताळनंतर "अल्सीद, हिला जरा ऐक, पळवली की लगेच तापते" असं म्हणून तू ती माझ्या शेडमध्ये सोडून गेलास. चिखल भरू नये म्हणून रेडिएटर उचलून पुढच्या कॅरियरवर बसवलायस, ते बरोबर. आपल्याकडे सगळेच बसवतात. पण नळ्या ओढून कशा नेल्यास रे? एखाद्या आळशी माणसाने बागेतला पाइप फेकून द्यावा तशा. काळ्या रबराच्या, वेड्यावाकड्या, आत काय चाललंय त्याचा पत्ता नाही.

मी नेहमीप्रमाणे लांब स्क्रूड्रायव्हर काढला. टोक इंजिनाला, मूठ कानाला. गावाने मला इंजिनाचा डॉक्टर केलं ते या एका हत्यारावर, तुला सांगायला नको. पंप फिरतोय का, बेअरिंग सैल आहे का, आत पाणी खदखदतंय का, सगळं त्या मुठीतून कळतं. तुझ्या इंजिनाने मात्र अवाक्षर काढलं नाही. मालकावर गेलंय, मुद्द्याचं तेवढं बोलत नाही, असं म्हणून मी गाडी बांधावर काढली.

तिथे जरा फजिती झाली. लांबून वेल्मा हातातला टॉवेल गरागरा फिरवत पळत येताना दिसली. मला वाटलं जेवायला बोलावतेय, म्हणून मीही हात हलवला. ती आणखी जोरात टॉवेल फिरवते, मी आणखी जोरात हात हलवतो! मग माझ्या तोंडावर वाफ आली तेव्हा कळलं की इंजिन उकळतंय. वाफेची शिट्टी म्हणे अंगणापर्यंत येत होती. माझं लक्ष दुसरीकडे होतं.

तर त्या दिवशी मी ठरवलं की गाडी सांगत नसेल तर तिने दाखवावं. सगळ्या काळ्या नळ्या उपटून टाकायच्या आणि आरपार दिसतील अशा नळ्या घालायच्या.

पहिल्या नळ्या हार्डवेअरच्या दुकानातल्या आणल्या. साध्या प्लास्टिकच्या. थंड असताना काय रुबाब त्यांचा! इंजिन गरम झालं तशी एक नळी फुगली, मऊ पडली आणि निसटली. इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं कूलंट माझ्या शर्टावर, छपरावर आणि वेल्माच्या वाळत घातलेल्या चादरींवर. त्यानंतर ती दोन दिवस काय काय बोलली ते मी तुला लिहीत नाही. बरंचसं माझ्यापर्यंत पोचलंही नाही.

मग मेव्हण्याच्या, एल्रेच्या, गोठ्यात गेलो होतो. दूध काढायच्या यंत्राची नळी त्याने हातात धरली होती. सिलिकॉनची, जाड, आरपार. रोज कढत पाण्याने धुतात तरी ढिम्म हलत नाही. मी म्हणालो, "एल्रे, ही दे." तो म्हणाला, "गाईंना विचारून घे." घेऊन आलो.

घाई केली नाही. ती नळी मऊ असते, साध्या पट्टीने आवळली की कापली जाते, म्हणून आतून गुळगुळीत असलेल्या पट्ट्या मागवल्या. पंपाकडे नळी ओढली जाऊन चपटी होते, म्हणून तिथे आत तारेची स्प्रिंग घातली. हे मला कुणी शिकवलं नाही, हे लक्षात ठेव. हिरवं कूलंट भरलं, इंजिन चालू केलं आणि डबा उलटा करून समोर बसलो.

क्लोव्हिस, मी चोर पकडला. कॅरियरखाली तू नळीला जो उंटासारखा बाक दिलायस ना, त्याच्या टोकावर एक मोठा बुडबुडा बसला होता. पाणी येऊन त्याला धडकायचं आणि मागे फिरायचं. बुडबुडा आपला जागच्या जागी डुलतोय, आरामखुर्चीत बसल्यासारखा. पाणी वर जाणार कसं आणि गाडी थंड होणार कशी? मी नळीचा बाक काढला, ती सरळ चढती बसवली, गाडीचं तोंड बांधाच्या चढावर केलं, झाकण उघडलं आणि वाट पाहिली. बुडबुडा हळूहळू सरकत वर गेला आणि फुटला. त्यानंतर हिरवी धार अशी वाहायला लागली की मी तिथे बसून टाळ्या वाजवल्या. एकट्याने. या वयात.

येत्या शनिवारी चर्चच्या मदतीसाठी चिखलफेरी आहे. तुझी गाडी मी नेतोय. हरकत असेल तर पत्राने कळव, तोवर फेरी झालेली असेल.

तुझा थोरला भाऊ,
अल्सीद

रविवार, १७ मार्च

हे पत्र अजून घरातच आहे. मंगळवारी वेल्माकडे पोस्टाचं तिकीट मागितलं. तिने आधी पत्र वाचलं, घडी केली आणि एप्रनच्या खिशात टाकलं. मग माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि म्हणाली, "यात नळ्या आहेत, गाई आहेत, माझ्या चादरी आहेत. जे सांगायचं ते कुठे आहे? याला मी तिकीट देणार नाही." मी म्हणालो, पोस्टात जाऊन आणीन. ती म्हणाली, "जा. तिथल्या पोरीने काय विचारलं ते तुला कळलं तर आण." मी गेलो नाही.

आधी फेरीचं सांगतो, कारण ते सांगायला मला आवडतं.

सगळा गाव होता. गाडी ट्रेलरवरून उतरवली आणि पोरंटोरं गोळा झाली. ऊन पडलं होतं आणि नळ्यांतून हिरवं पाणी पळताना दिसत होतं. गावातला टीबॉय म्हणाला, "अल्सीद, मत्स्यालय आणलंस होय? मासे कुठायत?" त्यावर सगळे हसले. (हे वेल्माने घरी आल्यावर सांगितलं. तिथे मला नुसते दात दिसले.) मग आम्ही चिखलात उतरलो. कमरेएवढा चिखल, ओढा, पुन्हा चिखल. टीबॉयची गाडी मध्येच वाफ सोडत बसली. माझी, म्हणजे तुझी, एकदाही तापली नाही. मी एक डोळा वाटेवर आणि एक डोळा नळीवर ठेवून शेवटपर्यंत गेलो. परतलो तेव्हा दोघांनी नळ्यांकडे आणि मग आपापल्या गाडीकडे बोट करून विचारलं, आम्हालाही अशा नळ्या घालून देशील का. क्लोव्हिस, माझी छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण तुटलं असतं.

मग टीबॉय आला. त्याने आपल्या गाडीकडे बोट केलं, मग स्वतःच्या कानाकडे. बाकीच्यांनी आपापली इंजिनं बंद केली, जशी पूर्वी माझ्यासाठी करायचे. सगळे गोल करून उभे राहिले आणि हाताची घडी घालून माझ्याकडे बघत राहिले. वेल्मा बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन तशीच थांबली.

मी स्क्रूड्रायव्हर काढला, टोक त्याच्या पंपावर ठेवलं आणि मूठ दातांत धरली.

कुणी हसलं असेल, मला माहीत नाही. मी डोळे मिटले होते. पण जबड्यात आलं रे! बारीक, तिरपी थरथर, एक ठोका सोडून एक. बेअरिंग गेलेलं. मी सांगितलं, त्यांनी तिथेच पंप खोलला आणि दांडा हाताने खुळखुळ हलवून दाखवला. टीबॉयने दोन्ही हात वर केले. सगळ्यांचे हात एकमेकांवर आपटताना मी पाहिले. वेल्मा भांडं घेऊन रडत होती, तेही पाहिलं.

तर सांगतो. मला ऐकू येत नाही, क्लोव्हिस.

उजवा कान पूर्ण गेला. डाव्यात थोडं उरलंय, ते भांडी पडण्यापुरतं. भात वाळवायचे पंखे, होड्यांची इंजिनं, सगळ्यांनी थोडं थोडं नेलं. डॉक्टरने कानाला यंत्र लावून पाहिलं. त्याने आवाज मोठा होतो, शब्द होत नाहीत. फोनवर तू बोलतोस तेव्हा भात उकळल्यासारखं काहीतरी येतं. सुरुवातीला मी अंदाजाने हो हो म्हणायचो. मग तू काहीतरी विचारायचास आणि गप्प व्हायचास, आणि मी काय विचारलंस तेही न कळता गप्प राहायचो. म्हणून फोन उचलणं सोडलं. इंजिनाचा डॉक्टर बहिरा झाला असं गावाने म्हणू नये, आणि सगळ्यांत जास्त तू म्हणू नयेस, असं वाटलं. तू "हिला जरा ऐक" म्हणालास हेही मला वेल्माने नंतर सांगितलं. तू गेलास तेव्हा मी हसून मान डोलावली होती, आठवतं?

हे लिहून झालं. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. तू माझी कीव करायला लागलास तर मात्र गाडी परत देणार नाही. नळ्या मीच घातल्यात आणि बुडबुडा मीच पकडलाय.

गुड फ्रायडेला ये. फोन करून कळवू नकोस, थेट ये. क्रॉफिश मी उकळतो, मसाला तू घाल, माझा तुला नेहमीच कमी तिखट वाटतो. भर दुपारी अंगणात माझ्यासमोर खुर्ची टाकून बस आणि सावकाश बोल. वेल्माचं बोलणं मला ओठांवरून कळतं, एल्रेचंही बऱ्यापैकी कळतं. नाताळात तू तीन दिवस माझ्याशी बोलत होतास, त्यातला एक शब्दही मला कळला नाही. तुझा वरचा ओठ मी लष्करातून तू परतलास तेव्हापासून पाहिलेला नाही.

लोक विचारतील, एवढी जपलेली का काढलीस. त्यांना खरं ते सांग, मी मनाई करत नाही.

मिशी काढून ये, क्लोव्हिस.

तुझ्या बोलण्याची वाट बघणारा,
अल्सीद