दोन बोटं जास्त

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर वाकत नाही, तेव्हा मान लववली त्यावर समाधान मान). तब्येत कशी आहे हे मी तुला विचारणार नाही, कारण तू ‘ठणठणीत’ असं लिहिणार, भाची फोनवर वेगळंच सांगणार, आणि खरं कोणाचं धरायचं या विचारात माझी अख्खी दुपार जाणार. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझी भावजय दिवसभर चष्मा शोधते आणि मी सुई शोधतो, आणि चष्मा तिच्या डोक्यावर आणि सुई माझ्या कॉलरला सापडते. पत्राला कारण एवढंच की मागच्या खोलीत एसी बसला. नीट बसला, सुरक्षित बसला, आणि तो कसा बसला हे तुला सविस्तर कळवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याच खोलीत तू चक्कर येऊन पडलीस. माझ्या कापायच्या टेबलाची कड धरायला गेलीस, हातात आलं टेबलावरचं कापड, आणि कापडासकट खाली बसलीस. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न केलास तो कापड फाटलं का हा. (फाटलं नव्हतं. पण तेव्हापासून त्या गठ्ठ्याला कात्री लावायचं माझं धाडस झालेलं नाही.) मग यंदा तुझं पत्र आलं की तुझी मागची खोली म्हणजे भट्टी आहे, मी काही येणार नाही, माझ्यापायी कोणाची धावाधाव नको. आई गेल्यापासून दर उन्हाळ्यातला एक महिना तू इथे काढला आहेस. तुझ्याशिवायचा उन्हाळा कसा असतो ते मला माहीत नाही आणि या वयात ते शिकायची इच्छाही नाही. म्हणून दुसऱ्याच दिवशी जाऊन मी एसी घेऊन आलो.

आणला खरा, पण बसवायला माणूस मिळेना. अकरा दिवस ते खोकं खोलीच्या मधोमध पडून होतं. दुपारी काम संपलं की मी समोर स्टुलावर बसायचो, आणि खोकं बंद असूनही मला गार वाटायचं. भावजय म्हणाली की असंच वाटत असेल तर खोकंच भिंतीला टांगा, वायरचीसुद्धा गरज नाही. रिकामे हात मला सोसत नाहीत हे तुला ठाऊक आहे. मी खोक्यातून आतलं युनिट काढलं, त्याचं माप घेतलं, आणि त्याला छान अभ्रा शिवला. निळा, पांढऱ्या गोटाचा, पाठीमागे चार काजं आणि चार बटणं. लहान मुलाला घालून बघावा तसा घालूनही बघितला. तो इतका अंगासरसा बसला की मीच थोडा वेळ बघत राहिलो.

बाराव्या दिवशी मेकॅनिक आला. हा मनुष्य माझ्या मनात भरला, ताई. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा, आणि बोलण्याआधी थोडं थांबणारा. आल्याबरोबर त्याने अवजारांची पिशवी उघडलीच नाही. चारी भिंतींना कान लावून बोटाने टकटक करत तो खोलीभर फिरला. दोन भिंती त्याला पोकळ वाटल्या, तिसरीला ओल होती, चौथीशी मात्र तो बराच वेळ थांबला आणि म्हणाला, “ही वजन धरेल.” मग अभ्र्याकडे वळला. शिलाईचं त्याने मनापासून कौतुक केलं, काजं बोटांनी चाचपली, आणि सांगितलं की मशीन चालू असताना यावर कापडाचा एक धागासुद्धा नको, त्याला श्वास घ्यायचा असतो. एवढ्या हळुवारपणे माझं काम आजवर कोणी परत केलेलं नाही.

त्यानंतर विजेचा विषय निघाला. मी आपला ऐटीत म्हणालो की इस्त्रीचा बोर्ड आहे की शेजारीच, त्यावर चव्वेचाळीस वर्षं माझी इस्त्री चालते, एसी तिच्यापेक्षा काय जास्त खाणार. खाली जाऊन त्याने मेन स्विच बंद केला, परत येऊन टेस्टरने खात्री केली, बोर्ड उघडला, आणि मला जवळ बोलावलं. आतली वायर तपकिरी पडली होती. वरचं आवरण त्याने नुसतं बोट लावताच भुगा होऊन खाली आलं, आणि अर्थिंगची वायर तर कुठेच जोडलेली नव्हती, नुसती आत दुमडून ठेवली होती. ताई, त्या बोर्डाखाली तुझं अंथरूण असायचं. मेकॅनिक म्हणाला की आधी वायरमन बोलवा, मीटरपासून वेगळी जाड वायर, वेगळा ब्रेकर आणि खरंखुरं अर्थिंग होऊ द्या, तोवर मी पिशवीला हात लावणार नाही. आणि गेला. मी त्या दिवशी इस्त्री केली नाही. वायरमन येऊन सगळं नवं करून जाईपर्यंत तीन दिवस गिऱ्हाइकांना सुरकुतलेले कपडे दिले, आणि ज्याने विचारलं त्याला सांगितलं की सध्या असंच नेसतात... म्हणजे घालतात. (भावजय समोरच होती. तिने मान दुसरीकडे वळवली.)

आता मुख्य गोष्ट सांगतो, आणि ती तू भाचीला सांगू नकोस. मेकॅनिक परत आला, आतलं युनिट टांगायचा पत्रा भिंतीवर ठोकून झाला, आणि नळ्या बाहेर काढायला एक भोक पाडायचं ठरलं. त्याने मला डब्याचं एक झाकण दिलं, हे टेकवून गोल आखून ठेवा म्हणाला, आणि नळ्या आणायला खाली उतरला. मी माझा खडू घेतला. झाकण टेकवलं, गोल काढला. दुपारची वेळ, खिडकीचा पडदा हलत नव्हता, डोळ्यांवर पेंग होती, आणि हात आपला सवयीने चालत होता. त्या हाताने पहिल्या गोलाच्या बाहेर दोन बोटं सोडून दुसरा गोल काढला. चव्वेचाळीस वर्षं आतली रेघ शिलाईची आणि बाहेरची कापायची. मेकॅनिकने येऊन दोन्ही गोल पाहिले, क्षणभर थांबला, आणि कोणत्या रेघेवर फोडू असं विचारलं. मी पेंगेतच बाहेरची सांगितली. शिंप्याचं माप चुकणार नाही असा त्याचा विश्वास, त्यामुळे छिन्नी-हातोडी घेऊन त्याने अगदी मन लावून बाहेरच्या रेघेवर काम केलं.

भोक पडलं ते जेवणाच्या ताटाएवढं. नळ्या त्यातून गेल्या आणि शेजारी अजून एक बिऱ्हाड राहील एवढी जागा उरली. भावजय येऊन बघून गेली आणि नळ्यांना वाढतं अंग आहे का एवढंच तिने विचारलं. मेकॅनिकने कपाळाला हात लावला नाही, तो हसलाही नाही, भोकासमोर जाऊन उभा राहिला, आणि मग तिथेच स्टुलावर बसला. कारण त्या भोकातून वारा येत होता. त्या भिंतीला कधी खिडकी नव्हती हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. बाजूच्या भिंतीतल्या खिडकीचा पडदा एकदम फुगला, कापडाच्या कातरणांची खोलीभर पळापळ झाली, आणि भिंतीवर उन्हाचा एक गोल येऊन पडला. पलीकडच्या गच्चीवर कोणी निळी चादर वाळत घातली होती. ती मधूनमधून भोकासमोर यायची, खोली निळसर व्हायची, चादर हटली की पुन्हा उजाडायची. उन्हाचा गोल भिंतीवरून माझ्या टेबलावर आला, टेबलावरून कात्रीवर, कात्रीवरून भावजयीच्या पायांवर. ती खुर्ची हलवत हलवत त्याच्या मागे जात होती. आम्ही तिघं संध्याकाळपर्यंत काहीही न करता तिथे बसलो. मेकॅनिकने तेवढ्यात सांगितलं की तीस वर्षं तो लोकांच्या घरात गारवा बसवतो आणि बसवून झालं की लगेच निघावं लागतं, त्यामुळे गार खोलीत निवांत बसायला त्याला कधी मिळालेलं नाही. मग आम्ही त्याला अजून थोडा वेळ बसवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाहेरचं युनिट भिंतीवर चढवायचं होतं. बाजूच्या खिडकीतून बाहेर सज्ज्यावर उभं राहायचं, खाली दोन मजले. मेकॅनिकने कमरेला पट्टा बांधला आणि माझी नजर त्या पट्ट्याच्या शिलाईवर गेली. त्याला जशी वायर दिसते तशी मला शिलाई दिसते. कडीपाशी धागा झिजला होता, दर चार टाक्यांमागे एक सुटलेला. मी खिडकी लावून घेतली आणि तिला पाठ लावून उभा राहिलो. तुम्हीच शिवून द्या ना, तो म्हणाला. मी नाही म्हटलं. माझं मशीन पँट शिवतं, माणूस टांगायला नव्हे. तो पिशवी उचलून गेला, आणि नवा पट्टा घेऊन आला. त्यानंतर त्याने मला ‘मास्तर’ म्हणायला सुरुवात केली. भोक त्याने सिमेंटने बुजवलं, नळ्यांपुरती वाट ठेवली, पाणी आत न येता बाहेर निथळावं म्हणून नळीला बोटभर उतार दिला, आणि तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडलेलं मला दाखवलं. वारा थेट अंगावर नको म्हणून तुझं अंथरूण कुठे टाकायचं तेही त्याने माझ्याच खडूने फरशीवर आखून दिलं आहे. तो चौकोन आम्ही पुसलेला नाही, केर काढतानासुद्धा भावजय वळसा घालून जाते.

तो गेल्यावर मी एसी लावला आणि टेबलावर आडवा झालो. डोळा लागला. स्वप्नात मी सहा वर्षांचा, आणि तू माझं माप घेत होतीस. टेप तुझ्या हातातून सुटत सुटत जात होती आणि संपत नव्हती, आणि मी हात पसरून उभा. आठवतं का, माझा शाळेचा पहिला कोट तू वडिलांच्या जुन्या कोटातून काढलास. बाह्या इतक्या लांब की हात शोधावे लागायचे. पोरगं वाढणार आहे, म्हणालीस, आणि आत बक्कळ कापड दुमडून ठेवलंस. चार वर्षं दरवर्षी थोडं थोडं उसवून तोच कोट मी घातला. धंदा मी पुढे दुसरीकडे शिकलो, पण मार्जिन ठेवायला तुझ्याकडेच शिकलो. तेव्हा त्या भोकाचा दोष खरं म्हणजे तुझा आहे. जाग आली तेव्हा मी थंडीने काकडत होतो आणि भावजयीने माझ्या अंगावर अभ्रा टाकला होता.

कळावे. लोभ आहेच, गारवाही आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. आत्तापर्यंत एसी एकूण चाळीस मिनिटं चालला आहे. आम्हा दोघांना तो सोसत नाही. भावजय म्हणते की मशीन बसवायचं राहिलं असतं तरी चाललं असतं, भोक बुजवायला नको होतं.

आणखी ता. क. खोली गार झाल्यामुळे तुला आता जाकीट लागेल हे उघड आहे. (भट्टी विझवून शेकोटी शिवतो आहे, हे भावजयीचं म्हणणं.) त्यासाठी भाचीकडून फोनवर तुझं माप घेतलं.

शेवटचं ता. क. मला आधी वाटलं भाचीने टेप चुकीची धरली. तिला तीनदा माप घ्यायला लावलं. तिन्ही वेळा तेच आलं, गेल्या वर्षीपेक्षा चार इंच कमी. ताई, तू ‘ठणठणीत’ लिहितेस. जाकीट तू पडलीस त्याच कापडातलं आहे, आज कात्री लावली. शिवलं आहे आत्ताच्या मापाने, पण आत दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जास्त ठेवली आहेत. तू ये, खा, गार खोलीत झोप, आणि महिन्याभरात ते मला उसवायला लाव.