व्हाळाच्या अलीकडची उमेदवार

१९ जानेवारी, दुपारी
निकाल लागला. पडले. स्वप्ना निवडून आली. माझं चिन्ह कपबशी. महिनाभर अख्खी वाडी माझ्याकडे चहा प्यायली आणि मत दिलं तिच्या शिलाई मशीनला. आता घ्या शिवून झबली.
मला मेंबर व्हायची हौस नव्हती. व्हाळाला पूर आला, साकव वाहून गेला, पुलाच्या जागी दोन पोफळी आडव्या टाकल्यात, त्यावरून माझी जान्हवी अंगणवाडीत जाते. पोर घाबरते. म्हणून उभी राहिले. तिला सासूबाई नेतात, कारण मला घरात काम असतं. मी नाही घाबरत.

२० जानेवारी
ठरलं. वाडीत कोणाशी बोलायचं नाही. चहा बंद. स्वप्नाकडे बघायचंसुद्धा नाही.
सासूबाई सकाळी सरळ म्हणाल्या, मत स्वप्नाक दिलंय, तू पंचायतीत जावन बसलंस तर चेडवाक, जान्हवीक कोण बघतलो? घरातच विरोधी पक्ष. चहा दिला त्यांना. घरातल्यांना चालतो.

२१ जानेवारी
जान्हवी पोफळीवरून उड्या मारत गेली. भीती लपवते बिचारी. मी अलीकडून ओरडत होते. पाय कापत होते माझे, पण थंडी किती आहे.
नवऱ्याचा होडीवरून फोन. म्हणे, चेडू नाय, तूच भियातंस. समुद्रात बसून ह्याला व्हाळातलं काय दिसतं?

२३ जानेवारी
जबरदस्त आयडिया. उद्या देवळात गाऱ्हाणं. देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्या सत्यवान गावकरांना सांगून आले, देवासमोर विचारा, माझा चहा पिऊन दगा कोणी दिला. मत गुपचूप देता येतं. गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' मोठ्याने म्हणावं लागतं. आता कळेल एकेकाला.

२४ जानेवारी
सगळे आले. स्वप्नापण. गावकरांनी माझं एक अक्षर घेतलं नाही. हात जोडून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू भियाला आसा. व्हाळार तेका वाट नाय. ती वाट आमच्या हातान करून घे रे म्हाराजा."
"व्हय म्हाराजा," सगळे एकदम. सगळ्यात मोठा आवाज स्वप्नाचा. मीपण म्हटलं, सवयीने. डोळ्यात अगरबत्तीचा धूर गेला.
लेकरू म्हणजे जान्हवी.

२५ जानेवारी
देवाला व्हय म्हणून बसलेत, आता पळतात कुठे. सकाळपासून बांबू, दोर, कोयते घेऊन हजर. मत द्यायला एवढ्या लवकर कोणी उठलं नव्हतं.
चहा करणार नव्हते. दोनदा केला. साखर संपली ती स्वप्नाने आणून दिली. तिलापण कप दिला, बशीसकट. तिच्याकडे न बघता.

२७ जानेवारी
साकव झाला. दोन्ही बाजूंना धरायला बांबू. जान्हवी पलीकडे, सासूबाई पलीकडे, अख्खी वाडी नारळ फोडायला पलीकडे. मी अलीकडे. घरात काम होतं. काय ते आठवेना.
कोणी हसलं नाही, त्याचाच जास्त राग आला. गावकर नारळ हातात धरून थांबलेले.
मग स्वप्ना परत आली. हात पुढे केला. "चल गो. खाली बघू नको. मीपण भियातंय."
डोळे मिटून गेले. हात धरला फक्त, पाठिंबा दिलेला नाही.
आता अंगणवाडीच्या पायरीवर बसून लिहितेय. जान्हवी कधीच घरी पळाली. स्वप्ना मीटिंगला गेलीय, संध्याकाळी मोकळी होईल. तोवर बसते इथेच, घरात काही काम नाही.