पेशंटचा डावा, माझा उजवा

१४ जुलै, सोमवार

डावा म्हणजे कोणाचा डावा? माझा, की समोर झोपलेल्याचा? आज सगळ्या वर्गासमोर रबरी पुतळ्याच्या भलत्याच हाताला पट्टी बांधली. शलाका मॅडम म्हणाल्या, "अस्मिता, डावा-उजवा नेहमी पेशंटचा. तू कुठे उभी आहेस याच्याशी कुणाला देणंघेणं नाही." कबूल. पण आधी सांगायला काय झालं होतं!

मग नाडी. जितेशचं मनगट धरलं, अंगठ्याने. तर म्हणे अंगठ्याला स्वतःची नाडी असते. म्हणजे एवढा वेळ मी माझीच नाडी मोजत होते. जितेश लगेच, "तरीच बोललो, माझा हार्ट एवढा फास्ट का भागतोय! तुझाच होता काय?" सगळे फिदीफिदी हसले. सोनिवलीहून येतो, पुढच्या बाकावर बसतो, आणि येतं त्यालाही काही नाही.

कॅम्प चारमधला हा आमचा वर्ग. खालच्या मजल्यावर जीन्स शिवायच्या मशिनी घरघरतात, वर आम्ही एकमेकांच्या छातीला स्टेथोस्कोप लावून बसतो. मला तर ठोक्यांपेक्षा मशिनीच जास्त ऐकू येतात. सप्टेंबरात परीक्षा. पास झाले तर ॲम्ब्युलन्सवर नोकरी. कशी होणार, देव जाणे — आणि आमच्या घरात देवही नाही.

१५ जुलै, मंगळवार

झोप नाही. लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

मे महिन्यात किर्तीताईची हळद होती, बदलापूरला. डीजे, धिंगाणा, मंडपामागे पिणाऱ्यांचं टेबल. जेवणाचा पत्ता नाही. आणि मध्येच पप्पा खुर्चीवरून घसरले. घामाने चिंब, जीभ जड, मामा उठवायला गेला तर त्याला शिवी हासडली. पप्पांनी! पाच वर्षं थेंब शिवला नव्हता. विहारात सगळ्यांसमोर शपथ घेतली होती — तीही तिसरी. आधीच्या दोन मोडलेल्या. आई तिथल्या तिथे म्हणाली, "झालं. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न." सकाळी पप्पा म्हणाले, मला काहीच आठवत नाही. आई म्हणाली, "सोयीचं आहे."

तेव्हापासून आई त्यांच्याशी बोलत नाही. ताट वाढून झाकून ठेवते. संध्याकाळी त्यांची शुगरची गोळी डबीच्या झाकणात काढून पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवते. तोंडातून शब्द नाही. मीही फारसं बोलत नाही. काय बोलणार?

२४ जुलै, गुरुवार

आज पप्पा परत प्यायले.

दुपारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कुठेतरी गेले, दिवेलागणीला आले. थोड्या वेळाने बडबड सुरू — "मशीन बंद कर, मशीन बंद कर." कारखान्यातून रिटायर होऊन दोन वर्षं झाली, कसली मशीन! हात थरथरत होते. ताट तसंच झाकलेलं. आई मला ऐकवते, "तुझ्या बापाचा थाट बघ. गुत्त्यावर जायला पांढरा शर्ट!"

मी जवळ जाऊन वास घेतला. दारूचा नव्हता, लवंगेचा होता. आई म्हणाली, "लवंग कशाला चघळतात, ते मला शिकवू नकोस. आणि प्यालेला माणूस जेवतो कुठे?"

तेही खरंच.

३० जुलै, बुधवार

आज वर्गात मॅडम काय म्हणाल्या! "दारू प्यालेला दिसणारा प्रत्येक माणूस प्यालेला नसतो. घाम, थरथर, बडबड, चिडचिड — शुगर खाली गेली तरी अस्संच दिसतं. लोक दारुडा समजून सोडून जातात आणि माणूस तिथेच मरतो."

घाम — थरथर — बडबड! मॅडमना मस्का लावून शुगर तपासायचं मशीन एक दिवसासाठी घरी आणलं. येताना रिक्षात नुसती स्वप्नं. आईला सांगेन, आई रडेल, सगळं पहिल्यासारखं होईल.

पप्पांचं जेवण झाल्यावर बोट टोचलं. त्यांनी मुकाट्याने बोट पुढे केलं, का म्हणूनही विचारलं नाही. १३८. जेवणानंतर एवढी म्हणजे ठीकच. दोनदा बघितलं. ठीकच.

म्हणजे दारूच. माझीच मला चीड आली. दोन महिने पुस्तक वाचून निघाली डॉक्टरीण!

४ ऑगस्ट, सोमवार

डावा-उजवा परत चुकला. आता मॅडम ओरडतही नाहीत.

९ ऑगस्ट, शनिवार

पांढरा शर्ट. पप्पा घरी येऊन परत खाली निघाले आणि जिन्यात पडले. वरच्या कौसाबाईंनी आरडाओरडा करून सगळी चाळ गोळा केली. "भीमराव, या वयात शोभतं का हो?" पप्पा त्यांच्याकडे नुसते बघत होते, कौसाबाई कोण हेच कळत नसल्यासारखे. मी आणि शेजारच्या उन्मेषदादाने धरून वर आणलं. आई दारातून बाजूला झाली, हात लावला नाही.

नंतर मला म्हणाली, शांतपणे — ओरडली असती तर बरं वाटलं असतं — "अस्मे, तुझी परीक्षा झाली की मी भावाकडे जाणार. कायमची. तुझा बाप आणि त्याची दारू, बघून घ्या तुम्ही."

ती बोलते तसं करते. परीक्षा व्हावी की होऊ नये, तेच मला कळेनासं झालंय.

१३ ऑगस्ट, बुधवार

मी श्वसनसंस्था पाठ करत होते. पप्पा येऊन पलंगाच्या कडेवर बसले. बराच वेळ पुस्तकातली चित्रं बघितली. मग म्हणाले, "अस्मे, माणूस पितो आणि त्याला काहीच आठवत नाही, कुठे प्यायला, कुणाबरोबर प्यायला — असं असतं का तुमच्या पुस्तकात?"

मी मान वर न करता म्हटलं, "असतं. त्याला ब्लॅकआउट म्हणतात."

"असं होय," म्हणाले. उठून गेले.

सबब शोधत होते, दुसरं काय! राग आला. अजूनही आलेलाच आहे. पण ते "असं होय" कानातून जात नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

परत. लिहायचं नाही आज.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आज सरावासाठी पहिल्यांदा ॲम्ब्युलन्सवर. बदलापूरला एका दुकानासमोर माणसाला फिट आलेली. आम्ही पोचेपर्यंत एकाने नाकाला कांदा लावलेला, दुसरा चप्पल हुंगवतोय, तिसऱ्याने मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबलेला. जितेशने चप्पलवाल्याला हटवलं, "काका, तुमच्या चपलेच्या वासाने तर चांगला माणूस पण बेहोश होईल!" फिट आपोआप थांबली. आम्ही त्याला कुशीवर वळवलं. चपलेचा मालक सगळ्यांना सांगत होता, बघा, उतरली की नाही!

माणसाला जे दिसतं त्यावर तो अडून बसतो. चप्पल लावली, फिट गेली. विषय संपला.

परतताना मॅडमनी मला धरलं. मी नातेवाइकांना सगळं विचारलं होतं — ॲलर्जी, औषधं, आधीचं दुखणं, नेमकं काय घडलं. "आणि शेवटचं कधी खाल्लं? काय खाल्लं? हा एक प्रश्न तू दर वेळी गाळतेस, अस्मिता. तोच परीक्षेत येणार बघ."

आपल्याकडे भेटेल तो "जेवलीस का?" विचारतो. मलाच कसा आठवत नाही हा प्रश्न?

७ सप्टेंबर, रविवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे.

संध्याकाळी कौसाबाई आईला सांगत होत्या, आज ग्रहण, आमचं सगळ्यांचं जेवण दुपारीच उरकलं, आता काही नाही. आई झाकलेल्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाली, "आम्ही ग्रहण मानत नाही. पण यांच्या ताटाला बघा, पंधरा दिवसांनी एकदा लागतंच!"

मी हसले. आणि हसता हसता थांबले. पंधरा दिवसांनी?

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. पप्पा पलंगाला टेकून जमिनीवर बसलेले. पांढरा शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. डोळे उघडे, पण माझ्याकडे नाहीत. आई दारातूनच म्हणाली, "डोक्यावर बादली ओत, उतरेल."

मी बसले समोर. आणि तो प्रश्न आला तोंडात, आपोआप. "पप्पा, शेवटचं कधी खाल्लंत?"

"भोंगा."

"कसला भोंगा? पप्पा, जेवलात कधी?"

"भोंग्याच्या आधी... बाराच्या आधी. नंतर नाही. नंतर चालत नाही."

मला काही कळेना. का चालत नाही? पण एवढं कळलं — बारानंतर अन्न नाही. तांब्याशेजारचं झाकण बघितलं. रिकामं. गोळी पोटात, आणि पोटात दुसरं काही नाही!

आई पाण्याचा तांब्या घेऊन आलीच होती, एकदम तोंडात ओतायला. मी ओरडले तिच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. सरळ बसवलं, आधी चमचाभर पाणी. गिळतात का बघितलं — गिळता येत नसेल तर एक थेंब द्यायचा नाही, मॅडमनी शंभरदा सांगितलंय. गिळलं. मग साखरेचं पाणी, घोट घोट. आई मागून म्हणत होती, "अगं काय चाललंय तुझं, त्याला लिंबू दे, लिंबू!"

आणि थोड्या वेळात पप्पांनी माझ्याकडे बघितलं. खरोखर माझ्याकडे. म्हणाले, "अस्मे, रडतेस कशाला?"

आई तांब्या हातात घेऊन तशीच उभी. मी म्हटलं, "आई, दारू साखरेने उतरत नाही गं."

तिने तांब्या खाली ठेवला आणि उन्मेषदादाला हाक मारली.

उन्मेषदादाने रिक्षा आणली. डॉक्टर म्हणाले, बरं केलं घेऊन आलात, या गोळीचा असर लांबतो, वर आलेली शुगर परत खाली जाते. आजची रात्र इथेच. रिक्षात मी पप्पांच्या डाव्या बाजूला बसले होते — त्यांच्या डाव्या — आणि बोटांनी नाडी धरली होती. अंगठा लांब ठेवला.

८ सप्टेंबर, सोमवार

आज पप्पा सगळं बोलले. तुटक तुटक, भिंतीकडे बघत.

पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, वर्षावासात, पौर्णिमा-अमावास्येला अष्टशील, म्हणजे आठ नियम पाळतात. पांढरे कपडे, विहारात बसायचं, आणि दुपारी बारानंतर अन्न नाही. आमच्या आजीने पाळल्याचं आठवतं, पप्पांनी कधीच नाही. बदलापूरच्या पुढच्या एका विहारात जात होते. भूक लागली की लवंग.

"मग इथल्या विहारात का नाही?"

"इथे तीनदा शपथ घेतली, तीनदा मोडली. चौथ्यांदा कुठल्या तोंडाने जाऊ? म्हटलं, या वेळी कुणाला सांगायचंच नाही. करूनच दाखवायचं."

तीनदा? मोडल्या दोनच. तिसरी तर शाबूत होती! अजून पूर्ण शुद्धीत नाहीत बहुतेक, असं वाटलं, म्हणून खोडून काढलं नाही.

मी म्हटलं, "पप्पा, जेवायचं नव्हतं तर गोळी तरी नाही घ्यायची!"

ते म्हणाले, "ती तुझी आई काढून ठेवते गं. माझ्यासाठी तेवढंच करते आता. ती कशी टाकू?"

मागे आवाज झाला. आई डबा घेऊन उभी होती, कधीपासून कोण जाणे. पुढे आली, डबा आपटला, आणि म्हणाली, "अक्कल आहे का हो तुम्हाला जरा तरी?"

मे महिन्यानंतर त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मग डोळे पुसत पोळीचे तुकडे करून भरवायला लागली. पप्पा म्हणाले, "बारा वाजले नाहीत ना?" आईने असं बघितलं की त्यांनी मुकाट्याने तोंड उघडलं.

मला इतकं हलकं वाटतंय! कालपर्यंत पप्पांना बोललेलं सगळं आज परत घ्यायचं आहे. आई भावाकडे जाणार नाही. तशी म्हणाली नाही, पण संध्याकाळी पलंगाखाली भरून ठेवलेली बॅग रिकामी करत होती.

१० सप्टेंबर, बुधवार

पप्पा घरी. परवा परीक्षा. जेवताना विचारलं, "पण पप्पा, आयुष्यात कधी नाही आणि यंदाच अष्टशील का धरलंत?"

"हळदीत प्यायलो ना मी. म्हणून."

"प्यायला नव्हतात, पप्पा! जेवण उशिरा होतं, गोळी घेतलेली. तेव्हाही शुगरच होती. तुम्ही थेंबसुद्धा घेतला नव्हता!"

पप्पांचा घास हातातच राहिला. आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मला आठवत नव्हतं गं," म्हणाले. "तुम्ही दोघी म्हणालात, तर मला वाटलं, प्यायलो असेन."