आप्पांच्या काठीची सुई

मी, कमला धनपाल मगदूम, वय अडुसष्ट, राहणार खासबाग, बेळगाव, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणीही भरीला घातलेले नसताना, माझ्या माघारी काय कोणाला जावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. तब्येत उत्तम आहे. उद्या बाही विणायला घेणार आहे, मग लिहायला हात रिकामा मिळणार नाही, म्हणून आजच.

१. खासबागचे घर चिरंजीव वृषभ व कन्या सोनल यांना समसमान. निपाणीचे शेत वृषभला त्याच्या वडिलांनी आधीच दिले आहे, म्हणून ठेव व दागिने सोनलला.

२. यजमान गेल्यावर मी वर्षभर कोणाशी फारसे बोलले नाही. सोनलने मला कॅम्पात पूर्णिमाबाईंच्या वर्गात नेऊन बसवले. तिथे एकाच सुईने लोकर विणायला शिकवतात. दोन सुयांच्या विणकामाहून ही विद्या फार जुनी, हजारो वर्षांची. हातभर धागा घ्यायचा, अंगठ्यावर फास धरायचा, सुई मागच्या फासांतून काढायची. धागा संपला की पुढचा त्याला चोळून जोडायचा. बाई म्हणाल्या, "थुंकी लावून चोळा." मी म्हटले, "उष्टं अंगावर घालायचं?" आणि गाळलेल्या पाण्याची वाटी घरून नेली. सांधा पक्का बसला. आता सगळा वर्ग वाटी आणतो. हे लिहितानाही मला हसू येते आहे.

३. तिथली सुई हाडाची. आम्ही जैन, हात कसा लावणार? यजमानांची शिसवी काठी गुंडू सुतारांकडे नेली. ते म्हणाले, "काकू, आप्पांची काठी हाय ही. कापली की परत जोडायला येणार न्हाय बघा." मी मुठीकडचाच भाग दाखवला, तेवढ्याचीच त्यांनी सुई केली. यजमानांच्या तळव्याने तो भाग इतका गुळगुळीत झाला होता की लोकर कुठेच अडकत नाही.

वृषभ मच्छेच्या त्याच्या घरून तावातावाने आला. "आई, आप्पांची काठी कापलीस व्हय? एवढ्यात विसरलीस त्यांना?" उरलेली काठी घेऊन गेला, आपल्या घरी आप्पांच्या फोटोखाली ठेवली. तेव्हापासून या घरी आलेला नाही.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर आता देते. ते असताना मी चारचौघांत कधी त्यांचा हात धरला नाही. आता दर रविवारी, सगळ्या वर्गासमोर धरते.

४. सुई वृषभला. तिला हार घालू नये, हातात धरून विणावे. उद्याची बाही त्याच्याच स्वेटरची आहे. माझ्याकडून अर्धा राहिला तर त्याने पुरा करावा. हे विणकाम धागा ओढून उसवत नाही. कात्री लागली तरी तेवढीच जागा तुटते.

मृत्युपत्र मेल्यावरच वाचावे असे कुठे लिहिलेले नाही, म्हणून याची प्रत आजच त्याला पाठवत आहे. वर्ग सकाळी दहाला असतो. येताना उरलेली काठी आणावी. गुंडूंना विचारले आहे, तिच्यातून अजून चार सुया निघतात.

सही : कमला धनपाल मगदूम

आमच्यासमोर सही केली :
पूर्णिमा सावंत, कॅम्प
गुंडू भरमा सुतार, खासबाग

खासबाग, बेळगाव
शनिवार, १३ डिसेंबर २०२५