उपासाला चहा चालतो

५ जानेवारी, रविवार
अख्खा दिवस वांद्र्याच्या हॉटेलात. विषय — मालकाने सेवक व्हायचं! टायवाला वक्ता स्वतःच्या हाताने पाणी वाटत होता. त्याची बॅग धरायला मात्र दोन माणसं!
तरी पटलं. बाबांनी गिरणीचा मालक एकदाच पाहिला — फोटोत, हार घातलेला. मी तसा नाही. उद्यापासून मुलुंडच्या गाळ्यात माझ्या नऊ बायकांना चहा मी देणार. (मिठाईचे खोके बनवणाऱ्या बायका! श्वेता ही वही वाचत नाही, तरी लिहून ठेवलेलं बरं.)

६ जानेवारी, सोमवार
अकरा वाजता ट्रे घेऊन मी हजर. आलं, वेलची, सगळं! नंदाताई — सगळ्यांत जुन्या, हात मशीनसारखा — म्हणाल्या, "नको दादा, उपास आहे." मग कमळ, "माझा पण." नऊच्या नऊ! महादेव प्रसन्न आहे गाळ्यावर. चहा मी आणि टेम्पोवाल्या निलेशने संपवला. छातीत धडधड.

७ जानेवारी, मंगळवार
आज गणपतीचा.

८ जानेवारी, बुधवार
आजही! बुधवारी कोणाचा असतो, विचारायची हिंमत झाली नाही.

९ जानेवारी, गुरुवार
जेवताना श्वेताला कौतुकाने सांगितलं — आमच्याकडे काय देवभोळ्या बायका आहेत! तिचा घास हातातच राहिला. "अरे येड्या, उपासाला चहा चालतो!"
चालतो की! आई तर उपासाला चहावरच असायची. मग माझ्या चहात काय विष आहे? मनाला लागलं. खरंच लागलं.

१० जानेवारी, शुक्रवार
नंदाताई आल्या नाहीत. ताप, कमरेत कळा — ॲडमिट केलंय. शहाळं घेऊन गेलो. त्यांची मुलगी रोशनी दारातच भेटली. "लघवीचं इन्फेक्शन आहे, किडनीपर्यंत गेलंय. डॉक्टर विचारतात, ही दिवसभर पाणी का पीत नाही?"
मी पण विचारलं, का पीत नाहीत?
"बाथरूम कुठाय तुमच्याकडे?"
होतं. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या ऑर्डरीला त्यात पुठ्ठ्याचे गठ्ठे भरले. तात्पुरते! तेव्हापासून बायका इंडस्ट्रियल इस्टेटच्या पार मागच्या टोकाला जातात, किल्ली वॉचमनकडे मागून. म्हणून पाणी नको, चहा नको. आणि मी वेलची कुटत बसलो होतो! लाज वाटली. शहाळं रोशनीच्या हातात दिलं आणि निघालो. आत जायचं तोंड नव्हतं.

११ जानेवारी, शनिवार
गठ्ठे माझ्या केबिनमध्ये हलवले. प्लंबर लावला. टायवाल्याचा मेसेज — 'आज आपण कोणाची सेवा केली?' ब्लॉक!

१७ जानेवारी, शुक्रवार
बाथरूम चालू. नळ, लाईट, आतून कडी. माझ्या केबिनमध्ये मी आता तिरका होऊन शिरतो. कोणाचाच उपास नव्हता. कमळने दुसरा कप घेतला, वर म्हणते, "आलं कमी पडलं, दादा." झकास!

२७ जानेवारी, सोमवार
नंदाताई आल्या. बारीक झाल्यात, पण बऱ्या आहेत. मी जरा रागावूनच म्हटलं — तीन वर्षं गप्प कशाला बसलात? मला सांगायचं ना!
"सांगितलेलं ना, दादा. पहिल्याच आठवड्यात. तुम्ही हसून म्हणालात, मग पाणी कमी प्यायचं! आम्ही पण हसलो तेव्हा."
मला आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे.