पुण्याहून येणारं क्रीम

प्रिय वासुकी,

तुझा मेसेज मिळाला. आई व्हिडिओ कॉलवर तोंड दाखवत नाही, म्हणजे तुझ्या लग्नाचा राग अजून गेलेला नाही, असं धरून तंजावूरचं तिकीट रद्द करतेस. थांब. आधी सगळं वाच.

आईच्या गालांवर, पापण्यांवर लाल चट्टे उठलेत. खाज, सूज, कातडी सोलवटलेली. मी हळद बंद केली, साबण बदलला, कुंकूही बदललं. आई म्हणाली, "तू मोटारी बांध रे, माझं तोंड काय पंपसेट आहे?" मोटर वाइंडिंग मी कुणाकडे शिकलो नाही, उघडून उघडून शिकलो. चेहरा तसा उघडता येत नाही, एवढं मान्य.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवस पाठीला पाणी लागू दिलं नाही. पट्ट्या काढल्यावर एकाच जागी कातडी फुललेली. मिथाइलआयसोथायाझोलिनोन. आता न अडखळता म्हणतो मी. क्रीम नासू नये म्हणून घालतात. पुष्कळांना काही होत नाही, पण एकदा अंगाला ते खपेनासं झालं की जरासंही चालत नाही. घरी येऊन भिंगाने एकूण एक डबी वाचली. ते नाव एकाच डबीवर निघालं, तू कुरियरने पाठवतेस त्या. पुढे ठळक 'नैसर्गिक, पॅराबेनमुक्त', मागे मुंगीएवढ्या अक्षरांत हे. ही अक्षरं कोण वाचतं? मीसुद्धा वाचली नव्हती. मनाला लावून घेऊ नकोस.

टाकून दे म्हटलं, तर आईने डबी साड्यांच्या घडीत लपवली. संध्याकाळी दिवा लावून झाला की बोटभर लावतेच. लेकीने एवढ्या लांबून पाठवलंय, म्हणते. तुला चट्टे दिसू नयेत म्हणून फोन छताकडे धरते. वर मला शपथ घातली आहे, वासुकीशी फोनवर यातलं अवाक्षर बोलायचं नाही.

फोनवर मी बोललेलो नाही. पत्र लिहितो आहे, तेही देवनागरीत. जन्मभर मराठी बोलली तरी आई वाचते ती तमिळच. आत्ता समोरच मुरुंग्याचा, तुमच्या पुण्यातल्या शेवग्याचा, पाला निवडत बसली आहे. काय लिहितोस, विचारलं तिने. वीज खात्याला तक्रार, म्हणालो. "चांगली खरमरीत लिही," म्हणाली.

तर लिहितो. तिकीट ठेव. येताना क्रीम आणू नकोस. राग असता तर ती डबी केव्हाच कचऱ्यात गेली असती. आई ती माझ्या हातात द्यायची नाही, डॉक्टरीणबाईंच्याही नाही. तू समोर बसून हात पुढे केलास, तरच देईल.

तुझाच,
सेतुराम अण्णा